उंदीरमामाची भाची

ग्रिम्सबी,
१४ सप्टेंबर

प्रिय नेव्ह मामा,

आधी बातमी, मग बाकीचं. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, सिक्स्थ फॉर्मला, मी फॉरेन्सिक घेतलंय. गुन्हा घडला की पांढरे कागदी सूट घालून जी माणसं येतात आणि ठसे, केस, धागे गोळा करतात ना, त्यांचं काम. दोन वर्षांचा कोर्स. परीक्षा थोड्या, हाताने करायचं काम जास्त आणि अहवाल तर ढीगभर.

आईला सांगितलं तेव्हा ती हॅडॉक मासा तळत होती. आधी खूप हसली. मग पॅनकडे बघत म्हणाली, "तुझ्या मामाला तूच कळव बाई, मला नाही ते धाडस." म्हणून कळवतेय.

इतिहास नि रसायनशास्त्र घेतलेली मंडळी आम्हाला 'टीव्हीवाले' म्हणतात. आम्ही मालिका बघून विषय निवडला असं त्यांचं मत. म्हणू देत. आमच्याकडे एक खोली आहे, तिच्यात जुना सोफा, फुटकी खिडकी आणि केनेथ. केनेथ म्हणजे कपड्यांच्या दुकानातला पुतळा. दर आठवड्याला त्याचा खून होतो. परवा मी त्याच्या हातावरच पाय दिला. बेकविथ बाई म्हणाल्या, "ब्रायनी, आता गुन्हेगारांच्या यादीत तूही." बाई आम्हाला शिकवतात. आधी त्या पोलिसांत ठसे उचलायच्या.

आता कामाचं. पहिला अहवाल आहे, घरफोडी झालेल्या घरात ठसे कुठे शोधावेत. तू या विषयातला, म्हणजे पलीकडच्या बाजूने, जाणकार. चार गोष्टी सांग ना. रागावू नकोस हं.

तुझी,
केनेथची मारेकरीण, ब्रायनी


बी विंग,
२३ सप्टेंबर

ब्रायनी बाईसाहेबांस,

नेव्ह मामाचा सलाम. टपाल तपासणाऱ्या साहेबांनी हे पत्र वाचलं असल्यास त्यांनाही सलाम.

आपल्या घराण्यात पोलिसांना नियमित काम पुरवणारा मी एकटा, आणि माझीच भाची जाऊन त्यांच्या पंगतीला बसली! घराण्याचं नाव मी काढलंच आहे. तुझ्या हातात आता ब्रश आलाय, तर जमेल तेवढं पुसून काढ.

तुझं पत्र मी कोठडीतल्या सोबत्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नेव्ह, पुढच्या वेळी तुला पकडायला गाडीसुद्धा पाठवायला नको. जेवणाच्या टेबलावरच काम होईल." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आता तुझे ठसे. लिहून घे. पावसाने भिजलेल्या काचेपाशी वेळ घालवू नकोस. ओल्या काचेवर तुमची पूड टाकली की चिखल होतो. ठसा गेला म्हणून समज. आमच्या धंद्यातला माणूस हातमोजे विसरला तरी पाऊस असेल तर निर्धास्त असतो. हे पुस्तकात मिळायचं नाही. अनुभवाचे बोल आहेत.

केनेथला माझा नमस्कार सांग. बिचाऱ्याचे हाल माझ्यासारखेच, दर वेळी त्याच खोलीत परत.

तुझा,
नेव्ह मामा


ग्रिम्सबी,
२० ऑक्टोबर

प्रिय अनुभवी मामा,

अहवाल परत आला. तुझ्या वाक्याखाली लाल रेघ, आणि समासात बाईंचं अक्षर: "चूक. ओल्या काचेवरचा ठसाही मिळतो. काळी पूड कालवलेलं पाणी फवारतात. बोटाचं तेल पूड धरून ठेवतं, बाकीची वाहून जाते. ही माहिती कुठून आणली?"

वर्गात मी सांगितलं, "एका अनुभवी माणसाकडून."

बाईंनी विचारलं, "तो अनुभवी माणूस सध्या कुठे असतो?"

मी म्हटलं, "बाहेरगावी."

त्या चष्म्यावरून नुसत्या बघत राहिल्या. मामा, चूक माझीच. चारदा पकडल्या गेलेल्या माणसाचा सल्ला घेताना मीच विचार करायला हवा होता.

पण आज एक गंमत झाली ती ऐक. बाई त्यांच्या जुन्या केसेस सांगतात, नावं न घेता. क्लीथॉर्प्सला एका म्हाताऱ्या बाईंचं घर फोडायला एक चोर शिरला. चांदीचे चमचे उचलले, घड्याळ उचललं, आणि निघता निघता त्याला भूक लागली! फ्रीज उघडून चीजचा लचका तोडला आणि उरलेला तुकडा तिथेच टेबलावर ठेवून गेला. त्यावर दात असे उमटलेले की पुढच्या दोन दातांमधली फटसुद्धा दिसत होती. शिवाय लाळ. गडी आठवड्यात आत.

अख्खा वर्ग लोळून हसला. मी त्याचं नाव 'उंदीरमामा' ठेवलं आणि चित्र काढलं. पोलिसांनी रांगेत उभे केलेले पाच संशयित, चार माणसं आणि एक बुरखा घातलेला उंदीर. बाईंनी ते वर्गात लावायला परवानगी दिली. तुला त्याची प्रत पाठवतेय. कोठडीच्या भिंतीवर लाव.

तुझी,
ब्रायनी


बी विंग,
२ नोव्हेंबर

ब्रायनी पोरी,

म्हणजे ओल्या काचेवरचा ठसा मिळतो! तरीच. मी इतके दिवस शेजाऱ्याने चुगली केली म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. या नाताळात त्याला कार्ड पाठवीन म्हणतो.

चित्र मिळालं. छान आहे. तुझा हात चांगला आहे. भिंतीवर लावलंय. सोबत्याला फार आवडलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

तुझ्या त्या चोराबद्दल एवढंच म्हणेन, की माणूस अगदीच खादाड नसावा. ते मांजर सारखं पायात येऊन ओरडत असणार, त्याला तुकडा द्यायला म्हणून फ्रीज उघडला असेल, आणि हातात आलंच आहे तर एक घास स्वतःही घेतला असेल. हसा खुशाल. पण रिकाम्या घरात उपाशी मांजर ओरडायला लागलं की काळजाचं पाणी होतं. असं मला वाटतं.

इथे थंडी पडायला लागली आहे. तू स्वेटर घालून जात जा. समुद्रावरचा वारा काय असतो ते मी तुला सांगायला नको.

नेव्ह मामा


ग्रिम्सबी,
२ डिसेंबर

प्रिय मामा,

या पत्राला उशीर का झाला ते तुला कळलं असेल.

मी मांजराचं काही लिहिलंच नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा लक्षात नाही आलं. दुसऱ्यांदा वाचताना तिथेच अडकले. मग वर्ग सुटल्यावर बाईंना विचारलं, "त्या क्लीथॉर्प्सच्या घरात मांजर होतं का हो?" त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली. म्हणाल्या, "जमिनीवर चीजचा आणखी एक तुकडा होता, त्यावर मांजराचे दात होते. हे मी वर्गात कधीच सांगत नाही. तुला कुठून कळलं?" मी म्हटलं, अंदाज. त्यांना पटलं नाही.

घरी येऊन आईला विचारलं. आईने कबूल केलं. मी पाच वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मला सांगितलं होतं की मामा मासेमारीच्या बोटीवर गेलाय.

मी सगळ्यात मोठ्याने हसले होते, मामा. नावही मीच ठेवलं. आणि वर चित्र काढून तुलाच पाठवलं.

ब्रायनी


बी विंग,
९ डिसेंबर

ब्रायनी, माझे बाई,

बोटीवर? तुझ्या आईला, डॉनाला, दुसरं काही सुचलं नाही? मला बंदरात नुसती उभी असलेली बोट बघूनसुद्धा मळमळतं.

हो, उंदीरमामा मीच. बेकविथ बाईंचं नाव तुझ्या पहिल्याच पत्रात वाचलं तेव्हा ओळखलं होतं. बोललो नाही. म्हटलं, पोरीला तिच्या बाई आवडल्यात, आवडू देत. माझ्या खटल्यात त्या साक्षीला होत्या. एक शब्द वाढवून सांगितला नाही की एक कमी केला नाही. साक्ष संपल्यावर मी पिंजऱ्यातून म्हटलं होतं, "बाई, चीज मात्र फर्स्ट क्लास होतं." न्यायाधीश फार चिडले.

आता रडणं पुरे. तू हसलीस कारण गोष्ट हसण्यासारखीच आहे. मी तिथे असतो तर मीही हसलो असतो. पहिल्या दिवशी चित्र उलटं करून ठेवलं होतं हे खरं. दुसऱ्या दिवशी सुलटं केलं. उंदराचं नाक तेवढं मोठं झालंय. आपल्या घराण्याचं नाक असं नाही.

आणि एक सांगू? इतक्या पोलिसांनी माझे इतके जबाब घेतले, पण एका शब्दावरून मला कुणी पकडलं नव्हतं. ते तू केलंस. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी सगळ्या विंगला सांगत सुटलोय.

तुझा,
नेव्ह मामा


ग्रिम्सबी,
१८ जानेवारी

प्रिय मामा,

चित्र मी वर्गातून काढून आणलं. बाईंना कारणही सांगितलं, खरं तेच. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय. समोर बसलेल्यांपैकी कुणी त्याच्या घरचं असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "अजून तसाच आहे का गं? फाजील?" मी म्हटलं, "वाढलाय."

आता दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात दोन आठवडे पोलिसांच्या फॉरेन्सिक विभागात प्रत्यक्ष काम शिकायला मिळतं. आमच्या वर्गातून एकच जण जाणार आणि बाईंनी माझं नाव पुढे केलंय! मामा, खरीखुरी प्रयोगशाळा. पण आधी ते चौकशी करतात. अर्जात विचारलंय, जवळच्या नात्यात कुणाला शिक्षा झाली आहे का, आणि त्या माणसाशी संबंध आहे का. आई म्हणते खरं लिही. बाईही तेच म्हणतात. मीही तेच म्हणते. तुला फक्त आधी सांगावं म्हणून लिहितेय.

तुझी,
ब्रायनी


बी विंग,
२७ जानेवारी

ब्रायनी,

शिक्षेच्या प्रश्नाला हो लिही, ते लपत नाही. संबंधाच्या प्रश्नाला नाही लिही.

आणि ते खोटं ठरू नये म्हणून हे माझं शेवटचं पत्र. तू लिहू नकोस. लिहिलंस तरी उत्तर येणार नाही.

अभ्यास कर.

नेव्ह


ग्रिम्सबी,
२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. तुरुंगातल्या माणसाला चार ओळी लिहायला वेळ नाही! ऐकणारे हसतील.

तू आईला भेटायला बोलावतोस, तिच्याकडे माझी चौकशी करतोस, आणि वर तिला बजावतोस की पोरीला सांगू नकोस. आई मला बसमधूनच फोन करून सगळं सांगते. तुझ्या घराण्यात गुपितं राहत नाहीत, हे तुला इतक्या अनुभवानंतर तरी कळायला हवं.

केनेथ या आठवड्यात बुडून मेला. म्हणजे आम्ही त्याच्यावर बादली ओतली.

मी लिहीतच राहणार आहे.

तुझी,
ब्रायनी


ग्रिम्सबी,
११ मार्च

प्रिय मुक्या मामा,

अर्जात मी लिहिलं, "मामा, नेव्हिल. घरफोडी, चार वेळा. संबंध आहे. पत्रव्यवहार नियमित, हल्ली एकतर्फी."

काल मुलाखत झाली. समोर एक इन्स्पेक्टर, पांढऱ्या मिशा, अजिबात न हसणारे. माझे हात इतके गार पडले होते की मी ते मांडीखाली दाबून बसले. त्यांनी विचारलं, "एकतर्फी म्हणजे काय?"

मी म्हटलं, "त्याने लिहायचं बंद केलंय. त्याला वाटतं त्याच्यामुळे मला इथे घेणार नाहीत."

"आणि तुला काय वाटतं?"

"नाही घेतलंत तर वाईट वाटेल. पण तो माझा मामा आहे. मला सायकल त्याने शिकवली."

"सायकल कुणाची होती?" त्यांनी विचारलं.

मामा, खरंच, कुणाची होती रे? मी म्हटलं, "ते मी कधी विचारलं नाही." तेव्हा त्यांच्या मिशा जरा हलल्या. मग म्हणाले, "तुम्ही दोघं पत्रात काय लिहिता?" मी ओल्या काचेचं सांगितलं. ते खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला दिसलं नाही, पुराव्याशिवाय लिहीत नाही.

निकाल मे महिन्यात. तेव्हा संबंध नसल्याचं नाटक आता पुरे. कागदावर खरं लिहून झालंय. ते खोटं ठरवू नकोस.

ब्रायनी


ग्रिम्सबी,
१५ मार्च

नेव्ह,

मला पत्रं लिहिता येत नाहीत हे तुला माहीत आहे. पोरगी रोज टपाल आलं की दाराशी धावते आणि मग "सहज आले होते" म्हणते. तुला वाटतं तू तिच्यावर उपकार करतोयस. लहानपणी फुलदाणी फोडलीस की कपाटात जाऊन बसायचास आणि म्हणायचास, मी नसलो म्हणजे कुणाला राग येणार नाही. तसलाच प्रकार आहे हा. कपाटातून बाहेर ये.

नाहीतर पुढच्या भेटीला मी येत नाही, आणि सुटलास की राहायला दुसरं घर शोध.

डॉना


बी विंग,
२४ मार्च

ब्रायनी बाईसाहेबांस,

तुझ्या आईचं पत्र आलं. त्यापेक्षा न्यायाधीश बरे.

सायकल विकत घेतलेली होती. पावती दाखवू शकत नाही, पण शपथ घेतो. त्या मिशीवाल्याला जरूर कळव.

तू अर्जात माझं नाव लिहिलंस ते वाचून मी अंगणात फेऱ्या मारायला गेलो. सोबत्याने विचारलं काय झालं, तर म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलं. तो म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत?" हल्ली जो तो तपास करायला लागलाय.

चुकलो, बाई. पुन्हा तोंड बंद करणार नाही. पुढे तुलाच पश्चात्ताप होईल.

तुझा,
नेव्ह मामा


ग्रिम्सबी,
१६ मे

मामा,

घेतलं! मला घेतलं!

अट एकच. तिथे जे बघेन त्यातलं अक्षरही तुला सांगायचं नाही. बाईंनी मला त्यांचा जुना ब्रश दिला, मऊ, खारीच्या शेपटीसारखा. म्हणाल्या, "याने कुणाकुणाचे ठसे उचललेत ते मी सांगणार नाही."

जूनमध्ये तू सुटशील तेव्हा मी प्रयोगशाळेच्या कामासाठी हल शहरात असेन, बाईंच्या मैत्रिणीकडे राहायला. तुला न्यायला आई एकटीच येईल. माझी खोली तुला दिलीय. टेबलाच्या खणात हात घालू नकोस, मला कळेल.

ब्रायनी


ग्रिम्सबी,
१९ जून

ब्रायनी बाईसाहेबांस,

तुमच्या घरून लिहितोय. पलंग मऊ आहे, झोप लागत नाही. शिक्षेचे उरलेले महिने बाहेर राहून काढायचे आहेत, पण पाऊल वाकडं पडलं की परत आत. खणात हात घातलेला नाही.

परवा काय झालं ते तुझ्या आईकडून तुला कळलंच असेल, पण तिला सांगता येत नाही म्हणून मी लिहितो. ती कामावर गेल्यावर मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. वारा आला आणि दार मागे धाडकन लागलं. किल्ली तुझ्या आईकडे. ती मला दिलेली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. अंगावर बनियन, पायात तुझ्या आईच्या फुलाफुलांच्या सपाता. आणि पाऊस सुरू झाला.

स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती. ब्रायनी, इतकी सोपी खिडकी मी जन्मात पाहिली नाही. खाली कट्टा, बाजूला पाण्याचा नळ. देवानेच बांधून ठेवलेली. मी तिच्याकडे बघितलं, तिनेही माझ्याकडे बघितलं.

मग विचार केला. कुणीतरी बघणार, फोन करणार. काच ओली. काळी पूड कालवलेलं पाणी घेऊन, पांढरा कागदी सूट घालून कोण येईल कुणी सांगावं. आणि नसतं कुणी बघितलं तरी, मिशीवाल्याने पुन्हा कधी तुला विचारलं, "तुझा मामा हल्ली काय करतो?" तर तू बापडी काय सांगणार? मी पायरीवर जाऊन बसलो.

दुपारभर बसलो. शेजारच्या बाई दाराला साखळी लावून आधी फटीतून बघत होत्या. नंतर साखळी काढून चहा आणून दिला. नंतर छत्री. त्यांनी विचारलं, "खिडकी उघडी दिसते की हो, चढत का नाही?" म्हटलं, "मला नाही जमत तसलं काही."

तुझी आई संध्याकाळी आली. मला बघितलं, खिडकीकडे बघितलं, परत मला बघितलं. दार उघडलं, आत गेली, टॉवेल आणून माझं डोकं खसाखसा पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, कान उपटून हातात येतील असं. मग म्हणाली, "मठ्ठ." आणि चहाचं आधण ठेवायला गेली. तिथून बराच वेळ बाहेर आली नाही.

आज सकाळी कामावर जाताना तिने टेबलावर एक किल्ली ठेवली. नवीन करून आणलेली. ती गेल्यावर मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि किल्लीने उघडलं. परत बंद केलं, परत उघडलं. शेजारच्या बाई बघत होत्या, म्हणून तिसऱ्यांदा नाही केलं.

किल्लीने फारच सोपं जातं गं.

तुझा,
नेव्ह मामा